तानाबाईच्या नावापुढचा शब्द

जगदाळ्यांच्या घरात इंग्रजी येणारी माणसं दोन. हिंदुराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, आणि त्यांचा धाकटा भाऊ धोंडीराम बार्शीच्या हायस्कुलात पोरांना इंग्रजी शिकवायचा. हिंदुरावांची लेक वच्छला यंदा कॉलेजात गेली होती, पण तिचं इंग्रजी अजून घरात धरलं जात नव्हतं.

धोंडीराम बार्शीला, त्यामुळे मुरारजी पेठेतल्या घरात रोजच्या वापराला हिंदुरावांचंच इंग्रजी असायचं. गल्लीत कुणाकडे तार आली की ती आधी त्यांच्याकडे यायची. औषधाच्या बाटलीवरचा कागद, नोकरीचं बोलावणं, विम्याचं पत्र, सगळं ते चष्मा पुसून वाचत आणि लगेच अर्थ सांगत. "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. खुद्द सोनाबाईनंही नाही, आणि त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरातली गोष्ट. बुधवारी संध्याकाळी हिंदुराव रेशनकार्ड शोधत होते. ते कुठंच सापडेना म्हणून त्यांनी बहिणीची, तानाची, पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड तिथंही नव्हतं. पण घडी केलेल्या पातळाखाली टाइप केलेला इंग्रजी कागद होता, वर कोर्टाचा शिक्का. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी दोनच ओळी वाचल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सोनाबाईच्या बांगड्या वाजल्या आणि कागद होता तसा पातळाखाली गेला.

'आय, तानाबाई भगवानराव जगदाळे, स्पिन्स्टर, एज्ड फॉर्टी थ्री...'

स्पिन्स्टर. हिंदुराव रात्रीच्या जेवणापर्यंत तो शब्द तोंडात घोळवत बसले. ताना गेली सत्तावीस वर्षं गिरणीच्या सूतखात्यात होती. सूत कातणारा तो स्पिनर, हे त्यांना ठाऊक होतं. मग स्पिन्स्टर म्हणजे? त्यांनी मनातल्या मनात फाइल उघडली. मास्टर. मिनिस्टर. बॅरिस्टर. ज्याच्या शेवटाला 'स्टर' लागतं तो माणूस साधा नसतो. शिवाय सूतखात्यातली बायकांची मुकादमीण गेल्याच महिन्यात निवृत्त झाली होती. ताना हल्ली इस्त्रीचं पातळ नेसून बाहेर पडायची, दोनदा वकिलाकडे जाऊन आली होती. आणि कोर्टाचा शिक्का तर डोळ्यांनी बघितलेला. बढतीचा करारनामा असणार, दुसरं काय.

"तानाला बढती मिळाली," त्यांनी ताटावरच सोनाबाईला हळूच सांगितलं. "स्पिन्स्टर केलंय तिला."

"आगं बया. मग वन्संनी सांगितलं कसं न्हाय?"

"ती कधी काय सांगते? आपणच ओळखायचं."

हे मात्र खरं होतं. वडील वारले तेव्हा ताना सोळा वर्षांची होती. त्यांच्या जागी गिरणीत लागली, त्या दिवशी घरी येऊन तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. नुसती हातपाय धुऊन जेवायला बसली होती. हिंदुरावांची नोकरी तेव्हा आज आहे उद्या नाही अशी. धोंडीराम शाळेत. त्या घराची चूल पुढची कित्येक वर्षं तानाच्या भोंग्यावर पेटत आली.

म्हणून यावेळी हिंदुरावांनी ठरवलं की गप्प बसायचं नाही. बार्शीच्या गाडीच्या कंडक्टरकडे धोंडीरामला निरोप दिला. शनिवार दुसरा होता, दोघा भावांना सुट्टी. सोनाबाईनं शेंगापोळ्या करायला घेतल्या. हिंदुरावांनी मधल्या मारुतीजवळून शेवंतीचा हार आणला, आणि येता येता गल्लीतल्या चार घरांत सांगूनही आले, की आमची बहीण स्पिन्स्टर झाली. चारही घरांनी आनंद व्यक्त केला.

शनिवारी पावणेचारला ताना पहिली पाळी संपवून आली. केसांत कापसाचे तंतू, हातात डबा. दारात धोंडीरामच्या चपला बघून ती थबकली.

"धोंड्या, तू कवा आलास? बरं हाय ना सगळं?"

"बरं आहे की अक्का. दादानं बोलावलं." धोंडीराम पाटावर बसून शेंगापोळी खात होता. निरोप नुसता 'ये, आनंदाची बातमी आहे' एवढाच होता, आणि सकाळपासून हिंदुरावांनी त्यालाही ताकास तूर लागू दिला नव्हता.

हिंदुराव उठले. त्यांनी हार तानाच्या गळ्यात घातला. ती इतकी गोंधळली की डबा खाली ठेवायचंही राहून गेलं.

"आपल्या घराण्यात," हिंदुराव म्हणाले, कारण ऑफिसात निरोपसमारंभाची भाषणं तेच करत, "आजवर कुणी एवढ्या पदाला पोचलं नाही. ताना बोलली नाही, तो तिचा मोठेपणा. पण मला कळलंय. आपली ताना स्पिन्स्टर झाली."

धोंडीरामला ठसका लागला. वच्छलानं पाणी दिलं, सोनाबाईनं पाठीवर थापट्या मारल्या. तो डोळे पुसत वर बघायला लागला, आणि ते पाणी ठसक्याचं नव्हतं हे हिंदुरावांच्या लक्षात आलं.

"दादा, झाली म्हणजे? अक्का पहिल्यापासून स्पिन्स्टरच आहे."

"पहिल्यापासून कशी? मुकादमीण आत्ता निवृत्त झाली."

"अरे, स्पिन्स्टर म्हणजे बिनलग्नाची बाई. वय झालेली कुमारिका. कोर्टाच्या कागदावर लिहितात तसं." त्याला पुन्हा हसू फुटलं. "तू गल्लीत तर कुठं सांगितलं नाहीस ना?"

त्यांच्या डोळ्यांपुढून चारही घरं एकामागून एक गेली.

ताना हसली नाही. तिनं गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला आणि भावाकडे बघितलं.

"दादा, माझी पेटी उघडलीस तू."

"रेशनकार्ड बघत होतो. कोर्टाचा शिक्का दिसला, दोनच ओळी वाचल्या."

"रेशनकार्ड तुझ्या कोटात हाय. मंगळवारी तूच न्हेलंस."

धोंडीरामचं हसू आता ओसरलं होतं. मास्तरच तो, उत्तरात चूक दिसली की थांबायचा नाही. "पण अक्का, कोर्टाच्या कागदावर तुला स्पिन्स्टर लिहायचं कारण काय? असं प्रतिज्ञापत्र कशाला लागतं माणसाला?"

सोनाबाई तव्यावरची पोळी उलटायला म्हणून उठली आणि तशीच उभी राहिली. ताना पाटावर टेकली. डबा शेजारी ठेवला, पदरानं मान पुसली.

"लग्नाला लागतं," ती म्हणाली. "नोंदणी हापिसात. म्हैन्याभराची नोटीस देयाची असती. सोमवारी देणार हाय. तुमाला आज सांगणारच होते, पर तुमी हार घातला."

"लग्न कुणाचं?" हिंदुरावांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माझं. कन्ना चौकात रुद्रप्पा हत्तुरे म्हणून हाईत. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. बायकू जाऊन सा वर्सं झाली. लेक तिकडं अक्कलकोटला दिली."

"लिंगायत?" धोंडीराम म्हणाला.

"व्हय."

"आणि तुझं वय त्रेचाळीस."

"ते त्या कागदावर हाय लिवलेलं. दादानं वाचलंय."

हिंदुरावांना वाटत होतं, धोंडीराम शिकलेला, सभेत सुधारणेवर बोलणारा, तो बहिणीची बाजू घेईल आणि आपण मोठे म्हणून थोडी कुरकुर करू. झालं उलटंच. धोंडीराम पाटावरून उठला, हात मागं बांधून वर्गात फिरतात तसा फिरायला लागला. जातीचं त्याला काही नाही म्हणाला. पण वेळ काय, वय काय, बार्शीत त्याला लोक ओळखतात. आणि वच्छला एकोणीसची झाली, उद्या तिला स्थळं येतील. पाहुणे विचारतील, आत्याचं काय झालं, तेव्हा दादानं काय सांगायचं?

"मला विचारा ना," वच्छला भिंतीला टेकून म्हणाली. "मी सांगीन, आत्याचं लग्न झालं. ज्याला चालणार नाही त्यानं माझे शिरा-पोहे तरी कशाला खावेत?"

"तू गप बस," हिंदुराव म्हणाले.

"का म्हून गप बसंल?" हे सोनाबाई म्हणाली. हातात उलथनं तसंच. "पंचवीस वर्सं मी वन्संच्या शेजारी झोपले. ही वच्छी बाळंतपणात न्हाय वाचत म्हनले तवा गिरणीतनं पळत आलेली बाई हाय ती. तिला दोन घास कुणाच्या सोबतीनं खावंसं वाटलं, तर भावजींचं बार्शीत काय बिघडतं? मी जानार लग्नाला."

नणंद आणि भावजय या घरात साखरेच्या डब्यावरून भांडत आल्या होत्या. दोघींमध्ये एवढी गट्टी आहे याचा हिंदुरावांना पत्ताच नव्हता. त्यांनी पाठिंब्यासाठी धोंडीरामकडे बघितलं, तर तो वच्छलाकडे बघत होता. वच्छला फळीवरून जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश काढून आणत होती.

"काका, तुम्ही सांगितलेला अर्थ दुसरा आहे," ती म्हणाली. "पहिला वेगळाच दिलाय. सूत कातणारी स्त्री."

"बघ," हिंदुराव म्हणाले. एवढ्या धामधुमीतही त्यांना किंचित बरं वाटलं.

धोंडीरामनं कोश घेतला, चष्मा वर केला. आणि मग, भांडण चालू आहे हे तो विसरला. शिकवायची संधी मिळाली की त्याचं असंच व्हायचं.

"बरोबर आहे. जुना अर्थ तोच. स्पिन म्हणजे कातणं. आणि हा 'स्टर' आहे ना, तो जुन्या इंग्रजीत बाईच्या कामाला लागायचा. कातणारी ती स्पिन्स्टर, विणणारी ती वेब्स्टर. पुढं त्यातले काही शब्द नुसती आडनावं होऊन राहिले. आपले मास्टर आणि मिनिस्टर मात्र यात येत नाहीत, ते लॅटिनमधून आले, त्यांचं गोत्र वेगळं."

"बरं," हिंदुराव म्हणाले.

"मग तिकडं काय व्हायचं, की प्रत्येक माणसाच्या नावापुढं त्याचा धंदा लिहायची रीत होती. अमुक लोहार, तमुक सुतार. घरातली मुलगी, लग्न व्हायचंय, तिनं काय करायचं? चरख्यावर बसायचं. सूत विकलं जायचं, घराला हातभार. म्हणून तिच्या नावापुढं लिहायचे स्पिन्स्टर. असं शे-दोनशे वर्षं लिहीत गेले. मग कातणं मागं पडलं, आणि कागदावर त्या शब्दाचा अर्थ उरला बिनलग्नाची. मग वय झालेली बिनलग्नाची. आता तर कुणाला म्हटलं की राग येतो."

त्यानं कोश मिटला. त्याचा चेहरा तास चांगला झाल्यासारखा फुलला होता.

ताना सगळं नीट ऐकत होती. गिरणीत मशीनच्या आवाजात काम करून तिला समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायची सवय होती.

"मला एक सांग धोंड्या," ती म्हणाली. "त्या बायका लगीन व्हईना म्हून कातायच्या, का कातायच्या म्हून त्येंचं लगीन व्हईना?"

धोंडीरामनं कोश पुन्हा उघडला, त्या पानावरून बोट फिरवलं.

"ते कोशात दिलेलं नाही," तो हळू म्हणाला.

तो खाली बसला. त्याची मॅट्रिकची फी, पुण्यातली मेस, बी.एड.चं वर्ष, हे सगळं कुठून आलं ते या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि एक गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. ती एकट्या हिंदुरावांना ठाऊक होती.

हिंदुराव उठून दाराशी गेले. बाहेर पोरं गोट्या खेळत होती. ते परत आले. पुन्हा गेले. त्यांना वाटलं, आता गप्प राहिलं तर कधीच कुणाला कळणार नाही. तेवीस वर्षं कळलं नव्हतं, पुढंही कळलं नसतं. ताना लग्न करून जाईल आणि विषय मिटेल. पण बुधवारपासून ते त्या एका शब्दाचा खोटा अर्थ घेऊन गल्लीभर हिंडले होते. आता खरा अर्थ समोर आल्यावर तो अंगावरून झटकून टाकणं त्यांना जमेना.

"मंगळवेढ्याचं स्थळ," ते म्हणाले.

ताना वर बघायला लागली.

"पंचावन्न सालचं. पवारांचा मुलगा, शाळेत मास्तर होता. बघून गेले होते तुला."

"व्हय. आठवतंय की. रंगावरनं नको म्हनले."

"नको म्हणाले नव्हते." हिंदुरावांनी खुर्चीची पाठ धरली. "त्यांचं पत्र होकाराचं होतं. मी कार्ड लिहिलं, की यंदा योग नाही. धोंडीचं मॅट्रिक होऊ दे म्हणून. पुढच्या वर्षी त्यांनी परत विचारलं. मी परत तेच लिहिलं. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, ताना. तुझा पगार गेला असता तर..." ते थांबले. "तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. तुला काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी रंगाचं सांगितलं."

तवा जळत होता. सोनाबाईनं तो उतरवला नाही. वच्छलानं जाऊन उतरवला.

"अवो," सोनाबाई म्हणाली, "मला पन न्हाय सांगितलं."

"कुणालाच नाही."

तानानं आपल्या हातांकडे बघितलं. तिची बोटं सावळी, लांब, टोकाला सुतानं गुळगुळीत झालेली.

"मी सावळी हाय म्हून नको झाले," ती म्हणाली, "हे मी रोज मनात धरलं, दादा. पिवळं पातळ कवा घेतलं न्हाय. कुणी फोटू काढाया लागलं तर मागं सरले. रुद्रप्पांनी विचारलं तवा बी सा म्हैने मला खरं वाटलं न्हाय. मी म्हनलं, ह्येंना दिसत नसंल नीट."

हिंदुराव काही बोलायला पुढं झाले, पण ती उठली. डबा उचलला, मोरीवर जाऊन तो घासला, पालथा घातला. मग तिथूनच, कुणाकडे न बघता, म्हणाली, "साक्षीदार तीन लागत्यात. दोन त्येंच्याकडचे हाईत. वैनी, तुमी सही कराल?"

"मला सही कुटं येती वन्सं?"

"वच्छी शिकवंल. म्हैना हाय."

"मी करतो," हिंदुराव म्हणाले. "ताना, मी करतो की सही."

"तू नको," ताना म्हणाली.

धोंडीराम संध्याकाळच्या गाडीनं बार्शीला गेला. जाताना तो तानाच्या पाया पडला. याआधी तो बी.एड. होऊन आला त्या दिवशी पडला होता. लग्नाला येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

तो महिना हिंदुरावांना फार लांब गेला. ताना घरात होती, कामावर जात होती, ताट वाढत होती, पण त्यांच्याशी बोलत नव्हती. काही सांगायचं असेल तर वच्छलाकडून सांगायची. "तुझ्या बापाला म्हणावं, रॉकेल आलंय." तेही मग वच्छलाकडूनच उत्तर द्यायचे. रोज जेवणं झाली की सोनाबाई पाटीवर आपलं नाव गिरवायची. 'बा' चा काना तिला उभा येत नव्हता. हिंदुराव शेजारी बसून पेपर वाचायचे आणि पेपराच्या वरून बघायचे. एकदा त्यांना राहवलं नाही, त्यांनी काना कसा ओढायचा ते दाखवलं. सोनाबाईनं पाटी दुसऱ्या हातात घेतली.

दरम्यान गल्लीतल्या चार घरांत जाऊन त्यांनी खरा अर्थ सांगितला. एका घरात तर दोनदा सांगावा लागला. "मला माहीत नव्हतं," असं त्यांनी चारही ठिकाणी म्हटलं. पहिल्या घरी जड गेलं, चौथ्या घरी सहज गेलं.

जानेवारीत नोंदणीच्या दिवशी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी रजा टाकली आणि कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले. आत ताना, सोनाबाई, वच्छला, रुद्रप्पा आणि त्यांची दोन माणसं. थोड्या वेळानं बार्शीची एसटी पकडून आलेला धोंडीराम धापा टाकत आला, बायकोमुलांसकट. त्यानं भावाला बाकावर बघितलं, एक क्षण थांबला, मग आत गेला.

दार अर्धं उघडं होतं. सोनाबाई सही करताना दिसत होती. फार वेळ लागला. कारकून पंख्याकडे बघत थांबला होता. तिनं शेवटचा काना ओढला तेव्हा बाहेर बसलेल्या हिंदुरावांनीही श्वास सोडला.

सगळे बाहेर आले. रुद्रप्पा उंच, पांढऱ्या टोपीतले, बुजरे. बाकावरच्या माणसाला ते ओळखत होते की नाही कोण जाणे, पण त्यांनी हात जोडले. "तुमी बी चला वो अण्णा घराकडं, लेकीनं गव्हाची हुग्गी केलीय," ते म्हणाले. हिंदुराव उभे राहिले. जाऊ की नको, हे विचारायला त्यांनी बहिणीकडे बघितलं.

ताना पायऱ्यांवर थांबली होती. ऊन चांगलंच चढलं होतं. तिनं कपाळावर हात धरून फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं, मग मागं न वळता म्हणाली, "दादा, दोन रिक्षा बघ की. सगळी उन्हात हुभी हाईत."

फाटकाशी एक रिक्षा उभीच होती. पन्नास वर्षांचे हेडक्लार्क हिंदुराव जगदाळे तिला ओलांडून, धोतराचा सोगा हातात धरून, पार सात रस्ता चौकापर्यंत धावत गेले.